माझ्या बोंबलांचा वास

आधीच माफी मागते. शुद्धलेखन मला येत नाही आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि डोक्यावर टोपली आली. हे कुणाला दाखवायला नाही. बोलायला कुणी नाही, म्हणून लिहिते.

मी पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकते. नवरा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत एकटी राहते. माल पलंगाखाली, पत्र्याच्या डब्यांत, वर प्लास्टिक बांधून. वास बाहेर जाऊ नये ही धास्ती कायमची. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक रिटायर काका राहायचे, तेही एकटेच. बिल्डिंगमध्ये माझ्याशी बोलणारे तेवढेच. जवळ्याची चटणी केली की त्यांना वाटीभर द्यायची. ती वाटी कधी रिकामी परत आली नाही. खडीसाखर, एखादं केळं, काहीतरी असायचंच.

मे महिन्यात उरणच्या व्यापारीणबाईकडून उधारीवर बराच माल आणला. पावसाळ्याआधी लोक सुकं भरून ठेवतात, त्यावरच माझं वर्ष निघतं. त्याच आठवड्यात जिन्यात वास सुटला.

"मावशी, तुमचे बोंबील उठून जिन्यात फिरायला लागले की काय?" समोरची म्हणाली. बाकीच्या हसल्या. मीही हसले, काय करणार.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. "हे चालणार नाही, मावशी. मालकांना फोन केला तर खोली जाईल तुमची."

"नको साहेब, काढते मी," एवढंच तोंडातून निघालं.

खरं तर सगळ्या मालाला मी नाक लावून बघितलं होतं, चांगला होता. पण एवढी माणसं म्हणतात तर आपल्याच नाकाला सवय झाली असेल, असं वाटलं. काकांचं दारही बंद असायचं. तेसुद्धा माझ्या वासाला कंटाळले असं धरून मी मान खाली घालून पुढे जायची.

पहाटे रिक्षा केली आणि सगळा माल कचराकुंडीत टाकून आले. डबे सोड्याने घासले, फरशी फिनेलने पुसली, केस शिकेकाईने धुतले. तरी वास वाढलाच. मी आपली पदर नाकाला लावून बघत बसले.

सेक्रेटरी पुन्हा आले. मी पलंगाखालचे रिकामे डबे ओढले आणि उघडून ठेवले. ते वाकले, हुंगलं, मग सरळ होऊन शेजारच्या दाराकडे बघत राहिले. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग पोलिसांना बोलावलं, त्यांनी दार तोडलं. काका आत पलंगावरच गेले होते.

त्यांना नेल्यावरही वास बरेच दिवस राहिला. बायका आपापल्या दारात कापूर, उदबत्त्या लावायच्या. आमची भिंत एकच, म्हणून माझ्याकडे जास्त यायचा. मी भिंतीशी कडुनिंबाचा पाला टांगला, उंबऱ्याबाहेर चुना टाकला. काकांच्या दारासमोरची फरशीही मीच धुवायची. त्यांचं तिथे दुसरं कोण होतं? बोंबलांचा विषय परत कुणी काढला नाही. चुकलं असंही कुणी म्हणालं नाही. खोली मात्र राहिली.

पुतण्या फ्लॅट रिकामा करायला आला तेव्हा माझी वाटी घेऊन दारात उभा राहिला. "ही तुमची असेल ना?" घासलेली, स्वच्छ, आत काही नाही. मी ती फळीवर पालथी ठेवली. चटणी आता एकटीपुरतीच करते.

उरणच्या बाईचं देणं थोडं थोडं देत राहिले. माल कुठे गेला ते तिला सांगितलं नाही. शेवटचे पैसे दिले तेव्हा ती म्हणाली, "झाले गो पुरे. माल बरा गेला ना तुजा?"

"गेला," मी म्हणाले.

तिने नोटा पदराच्या गाठीत बांधल्या. सगळं देणं फिटलं.