दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं जेवण

आमची पलटण तेव्हा काश्मीरमध्ये, उंचावरच्या पोस्टवर होती. आमच्या कंपनीत कोल्हापूर जिल्ह्याचे आम्ही तिघे. मी मुरगूडचा, हवालदार. नायक सर्जेराव कुरुंदवाडचा. लान्स नायक महादेव आजऱ्याकडचा, तिघांत लहान. तिघांना एकदम सुट्टी मिळणं अवघड. एका दसऱ्याला ती मिळाली.

नवरात्रात आमच्या घरी मटण शिजत नाही. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, परड्यात चूल मांडतात. आई गेल्यापासून मटण तेच करतात. त्यांनी सत्तरी ओलांडली होती, पण आवाज अजून गल्लीभर जायचा. सर्जेराव आणि महादेव सकाळीच आले. महादेवनं घरचे काजू आणले होते. आबांनी त्यातले मूठभर वाटणात घातले.

"रस्सा कसा झालाय?" जेवताना आबांनी विचारलं.

"मीठ जरा कमी हाय," महादेव म्हणाला.

आबांना असं आमच्यात कुणी बोलत नाही. सर्जेरावनं मान खाली घातली. आबा उठले, मीठ आणलं आणि महादेवच्या शेजारीच बसले.

"ह्यो एकटा खरं बोलतोय की. बाकीची नुसती गिळत्यात."

सुट्टी संपली. आम्ही पोस्टवर परतलो. हिवाळ्यात तिथं दिवस ठरलेला असतो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं, मग बर्फ उपसणं, हत्यारांची सफाई, रेडिओ सेटवर रिपोर्ट. शेजारच्या पोस्टपर्यंत पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जायचं आणि परत यायचं. त्या दिवशी पेट्रोलमध्ये इतर जवानांबरोबर सर्जेराव आणि महादेव होते. मी रेडिओ सेटवर होतो. परतीच्या वाटेवर एक नाला होता. तिथून महादेवचा कॉल आला. मी उत्तर दिलं. थोड्या वेळानं वरच्या अंगाला आवाज झाला, लांब कुठं ट्रकमधून खडी ओतावी तसा.

"पेट्रोल, रिपोर्ट. ओव्हर."

उत्तर नाही.

"पेट्रोल, रिपोर्ट. ओव्हर."

मी कंपनी कमांडरना कळवलं. साहेबांनी एवढंच म्हटलं, "दोर, फावडी. चला."

नाला वरून कोसळलेल्या बर्फानं भरून गेला होता. सर्जेराव कडेला सापडला. जिवंत होता, उजव्या हाताची बोटं गारठून पांढरी पडली होती. बाकीचे जवानही जिवंत निघाले. महादेव सगळ्यात शेवटी निघाला. नर्सिंग असिस्टंटनं नाडी बघितली आणि हात परत खाली ठेवला.

मी फावडं पुसून जागेवर लावलं. अशा वेळी माणूस रडत असेल असं लोकांना वाटतं. मला काही वाटलं नाही. थंडीही वाजली नाही.

पार्थिवासोबत त्याच्या गावी मीच गेलो. सगळा तालुका लोटला होता. सलामी झाली. महादेवच्या वडिलांच्या, शंकरअण्णांच्या हातात मी तिरंगा दिला. 

पुढच्या दसऱ्यापर्यंत मी पेन्शनवर आलो होतो. सर्जेरावची तीन बोटं काढावी लागली. मेडिकल बोर्डानं त्यालाही घरी पाठवलं होतं. आबांनी आम्हा दोघांना न विचारता शंकरअण्णांना फोन केला.

"कशाला बोलावलंसा?" मी म्हणालो. "त्यांना जेवण जाईल का?"

"तू गप. त्यांचं पोरगं माझ्या घरात जेवलंय. बाप का न्हाय जेवायचा?"

शंकरअण्णा दुपारच्या एसटीनं आले. चौघं पंगतीला बसलो. सर्जेराव डाव्या हातानं भाकरी मोडत होता. अण्णा त्याच्या उजव्या हाताकडं बघत राहिले. त्यांनी एकही घास घेतला नव्हता.

"ह्ये बी त्यात व्हते?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय."

सर्जेराव ताटावरून उठायला लागला.

"बस," आबा म्हणाले. तो बसला.

"सायब लोकांनी लई सांगितलं," अण्णा म्हणाले. "शूर व्हता, देशासाठी गेला. त्ये कळलं. शेवटाला काय बोलला, त्येवढं कोन सांगत न्हाय."

"सेटवर माझ्याशी बोलला," मी म्हणालो. "नाला ओलांडतोय म्हणाला. चहा ठेवा म्हणाला."

"मग तुमी काय म्हनला?"

"ठेवतो म्हणालो."

"ठेवला व्हता?"

"व्हय. स्टोव्हवर ठेवून परत सेटवर बसलो."

अण्णांनी ताट जवळ ओढलं.

"बरं केलासा," ते म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.

मग सर्जेराव बोलला. दवाखान्यातून आल्यापासून तो या विषयावर एक शब्द बोलला नव्हता. "खोल बर्फात पुढं चालनाऱ्याचा दम निघतोय, अण्णा. म्हनून पुढचा गडी बदलायचा असतोय. महादेव बदलूच द्यायचा न्हाय. तो पाय रोवायचा, आमी त्याच्या पावलात पाय टाकायचो."

"घरात बी तसाच," अण्णा म्हणाले. "भाताच्या चिखलनीला कायम म्होरं. मागं ऱ्हा म्हनलं की रुसायचा." ते किंचित हसले. आबांनी त्यांच्या ताटात रस्सा वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही.

मी ऐकत होतो. त्या दिवशीही मला रडू आलं नाही. पण पोटभर जेवलो.

आता दरवर्षी शंकरअण्णा येतात. आबांना चुलीपाशी फार वेळ बसवत नाही, म्हणून दोघं म्हातारे मिळून रस्सा करतात. जेवताना लान्स नायक महादेवचा विषय निघतोच. त्याचं नाव घेताना आमच्यात कुणी आवाज खाली करत नाही.