आधी उमेदवारानं भंडारा उचलावा

मैत्रिणींनो, आज दुपारी नगरपालिकेचे जुनेच उमेदवार इंदापुरातल्या आमच्या आळीत आले, खंडोबाच्या भंडाऱ्याचं ताट घेऊन. "वहिनी, भंडारा उचला आन् मत आमालाच देणार म्हणून शपथ घ्या."

मागच्या खेपेला आम्ही घेतली होती, हे निवडूनही आले. गटार पाच वर्षं तुंबलेली आणि हे गायब.

मी म्हटलं, "आधी तुमी उचला. दर सोमवारी ह्या गटारीपाशी येईन म्हणा."

त्यांनी हात मागं घेतला. "देवाला कशाला मधी आणताय? माझ्या शब्दावर विश्वास न्हाय व्हय?"

शेजारच्या पारूकाकू म्हणाल्या, "मग आमच्याबी शब्दावर ठेवा की!"

ताट घेऊन ते निघूनच गेले. देवाला भितात हे बरंच आहे, पण मतालाही भ्यायला हवेत. यंदा आळीतली एकही बाई मतदानाला घरी बसणार नाही. तुमच्याकडे भंडारा उचलायला तयार असा कुणी उभा आहे का?