राजाची शाल

माईक हातात आला की आमच्या नाटकमंडळाचे अध्यक्ष आधी त्यावर टिचकी मारतात आणि म्हणतात, "थोडक्यात सांगतो." मग पुढच्या रांगेतले आजोबा निवांत डुलकी काढतात.

दर पौषात देवळाच्या मांडवात आम्ही गावातल्या वृद्धांसाठी नाटक करतो. पहिला अंक संपला की अध्यक्ष सगळ्यांत वयस्क आजींचा शालश्रीफळ देऊन सत्कार करतात, "ही आपली दैवतं" म्हणून डोळे पुसतात, फोटो निघतो. लगेच खाली वाकून दैवताच्या कानात सांगतात, "शाल द्या हां, पुढच्या अंकात राजाला लागते." नारळ मात्र मोठ्या मनाने ठेवू देतात.

यंदाचा मान खालच्या वाडीतल्या आजींचा होता. खाडीवरून बोचरा वारा सुटला होता. अध्यक्षांनी शाल मागताच आजींनी ती कानांवरून घट्ट ओढून घेतली.

"आजी, राजा खोळंबलाय."

"खोळंबू दे मेल्या. त्याला मिरवायला हवी, मला पांघरायला."

राजा मीच होतो. सत्काराच्या टेबलावरचं फडकं पांघरून मी मुकाट्याने सिंहासनावर बसलो. अध्यक्षांनी माईक घेतला, टिचकी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच थोडक्यात बोलले, "पडदा वर घ्या."