सरांच्या बाह्या

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो, आणि सून रक्तदाबाची गोळी पुढे सरकवते. गोळी मी घेते. राग जात नाही.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होते. कडक इस्त्रीचा गणवेश, संध्याकाळीही काळा चष्मा, आणि माणूस आपल्याला बघताक्षणी कळतो असा ठाम गैरसमज. तेव्हाची ती मी आज समोर आली तर तिला आधी चष्मा काढायला लावीन.

काशीमीरा नाक्याजवळच्या एका हॉटेलात लग्नाचं रिसेप्शन होतं. त्यात जोडीने स्केटिंगचा कार्यक्रम. जेमतेम पलंगाएवढा गोल मंच, त्यावर पायांत चाकं बांधलेले दोघं. पुरुष गरगर फिरतो आणि मुलगी त्याच्या हातांना धरून हवेत आडवी तरंगते. त्या संध्याकाळी ती मुलगी उडून थेट फुलांच्या कमानीवर आदळली. खांद्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून ठाण्यात खबर आली, डायरीला नोंद झाली, मी पंचनामा केला. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा नेमका त्या क्षणी नवरानवरीवर होता.

मुलगी पंचविशीतली. वडील नाक्यावरच्या गॅरेजमध्ये कामाला. शाळेत असताना मीरा रोडला एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती कुणाचे तरी जुने स्केट्स घालून शिकली. मग स्पर्धा, मॉलमधले कार्यक्रम, लग्नं. घर तिच्यावर चालायला लागलं. शिकवणाराच पुढे तिचा मंचावरचा जोडीदार झाला. त्याला सगळे सर म्हणत. मीही इथे सरच म्हणते, दातओठ खाऊन.

सर स्वतःहून ठाण्यात आले. अत्तर लावून, अदबीने. म्हणाले, "मॅडम, ती नर्व्हस होती. ऐनवेळी तिनेच हात सोडला. मला मुलीसारखी आहे हो." मागोमाग क्लासच्या पालकांचं शिष्टमंडळ. सर असं करूच शकत नाहीत, म्हणे. तोवर सरांवर कुणी काही आरोपच केला नव्हता. आणि मी, काळ्या चष्म्यातली चतुर, सरांना चहा पाजला.

मग हॉस्पिटलमध्ये मुलीचा जबाब घ्यायला गेले. ती रडत नव्हती, चिडलेली होती.

"मी हात सोडला नाही मॅडम. आम्ही हात धरतच नाही, एकमेकांची मनगटं धरतो. मी सोडलं तरी त्यांच्या पकडीत राहायला पाहिजे ना? आणि ऐनवेळी सोडणारी म्हणून नाव झालं की मला कोण उभं करणार? सगळ्या हॉटेलांत तेच सांगत फिरतायत ते."

सरांचं यावर उत्तर तयार होतं: घामाने निसटलं. आमच्या वरिष्ठांनाही ते पटलं. अपघात म्हणून कागद बंद करा, नाक्यावर ट्रकवाल्यांची भांडणं काय कमी आहेत, असं ते म्हणाले.

त्याच दुपारी ठाण्यात एका बाईंचा फोन आला. नाव सांगणार नाही, माझी मुलगी सरांच्याच क्लासला आहे, म्हणाल्या. आदल्या आठवड्यात त्या जखमी मुलीने सरांना सांगितलं होतं की यापुढे मी एकटी कार्यक्रम करणार. सर सगळ्या मुलांसमोर ओरडले होते, बघतोच कशी करतेस ते.

आता माझं डोकं फिरलं. पण नुसत्या फोनवर गुन्हा उभा राहत नाही. म्हणून मी जे केलं त्यावर माझी नात अजून लोळून हसते. जप्तीतले स्केट्स पायात घालण्याइतकी अक्कल गेली नव्हती. आमच्या हवालदारांच्या मुलीचे मागवले, आणि ठाण्यामागच्या अंगणात, गणवेशात, त्यावर उभी राहिले. म्हटलं, आपणच बघू घामाने कसं निसटतं ते.

हवालदार म्हणाले, "मॅडम, टोपी तरी काढून ठेवा. सरकारी आहे."

दुसऱ्याच पावलाला मी गेले. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. पण जाताना मी हवालदारांना असं धरलं की त्यांचा खिसा फाटून माझ्या मुठीत आला, आणि त्यांच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत माझी नखं उमटली. सगळं ठाणं हसत होतं. मी जमिनीवर बसून त्या हाताकडे बघत होते. पडणारा माणूस सोडत नाही. तो ओरबाडून धरतो.

आणि मला आठवले सर. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन्ही कफांची बटणं लावलेली. मंचावर मात्र ते बिनबाह्यांच्या पोशाखात असत. कार्यक्रमाच्या पोस्टरवर दंडच दंड.

तासाभरात बोलावून घेतलं. पंच बसवले. मी म्हटलं, "सर, बाह्या वर करा."

"स्किन ॲलर्जी झालीय, मॅडम."

"आम्हाला ॲलर्जी बघायला आवडते."

दोन्ही हातांवर लांब ओरखडे होते, कोपराकडून मनगटाकडे ओढत आलेले. डॉक्टरांनी नखांचेच म्हणून लिहून दिलं. मुलीच्या मनगटांवर मात्र एक वळ नव्हता; घामाने निसटलं असतं तर खुणा दोघांच्याही हातांवर असत्या. त्यानंतर सरांना घाम फुटला आणि सगळी अदब उतरली. म्हणाले, "मी घडवली तिला. माझ्याशिवाय कोण होती ती?"

ती पार तळहातापर्यंत त्याला धरून होती, आणि हा बोटं उघडून उभा होता. तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणावर हात उचलला नाही. त्या दिवशी टेबलाची कड घट्ट धरून बसले.

गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, शिक्षाही झाली. अपिलात सर जामिनावर बाहेर आहेत. मुलीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तरी ती एकटी मंचावर उतरते, तो हात कमरेवर ठेवून. लोकांना वाटतं, ऐट आहे. मीरा रोडच्या हाटकेश भागात एका गाळ्यात तिचा क्लास आहे, माझी नात तिथेच जाते. पहिले कित्येक दिवस ती फक्त पडायला शिकवते.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. कोण पडलं हे सगळ्यांना दिसतं आणि सगळे त्यालाच विचारतात, का पडलास. धरणाऱ्याचे हात कुणी बघत नाही. आणि धरणारा सर असला तर त्याला चहा मिळतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून कोण यावं? सर. निकाल माहीत असूनही कमिटीवाले म्हणाले, जुनी गोष्ट आहे, आजी. ज्येष्ठ रहिवासी म्हणून मला गुच्छ, तोही त्यांच्या हस्ते. गुडघे दुखत असतानाही मी मंचावर चढले. वीज गेलेली, सगळे घामाघूम. माईक बॅटरीवर चालत होता आणि तो माझ्याच हातात होता.

"सर, किती उकडतंय," मी म्हटलं. "बाह्या वर करा ना."

त्यांच्या हातांवर आता काही राहिलेलं नसणार. तरी त्यांची बोटं कफच्या बटणाकडे गेली. उघडायला नाही, लागलंय ना ते बघायला.