बायकोसाठी दिलेला होकार

कारखान्यांच्या छपरांवर पत्रे बसवणं हे त्याचं काम. सगळे त्याला पत्रेवालाच म्हणायचे. छपरावर पाय कुठे टाकायचा आणि कुठे नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. पण उजेडासाठी बसवलेला एक प्लास्टिकचा पत्रा उन्हानं ठिसूळ झाला होता आणि वर धूळ साचून बाकीच्यांसारखाच दिसत होता. पाय नेमका त्यावर पडला. तो थेट खालच्या फरशीवर आला. मणक्याला मार बसला. त्यानंतर कमरेखाली चिमटा काढला तरी कळेना.

तो घरी बसून मिक्सर, पंखे दुरुस्त करू लागला. "मी काही हातपाय गाळलेले नाहीत, पाय आपणहून गळले," असं गिऱ्हाइकांना सांगायचा. ते हसायचे. बायको हसायची नाही. कधीतरी काहीतरी उपाय निघेल, हे तिनं मनाशी धरलं होतं.

एकदा इस्पितळातली संशोधन करणारी डॉक्टरीण घरी आली. पाठीला पट्ट्या चिकटवून हलका वीजप्रवाह सोडायचा आणि पायांत हालचाल येते का ते पाहायचं, असा तिचा अभ्यास होता. काहींना खरा प्रवाह मिळणार, काहींना नुसतं बंद मशीन. कोणाला काय, ते शेवटीच सांगणार. तिनं काही लपवलं नाही.

"पायांचं राहू द्या," तो म्हणाला. "लघवीवर ताबा येईल का? नळी घालून घालून जीव मेटाकुटीला आलाय."

"या अभ्यासात आम्ही ते तपासत नाही."

"मग मला नको."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला, भांड्यांचा आवाज मात्र आला नाही. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"येतो मी," तो हळूच म्हणाला. "यातून काही होणार नाही, हे हिला एकदाचं कळू दे."

"तुमच्या मनाविरुद्ध मी तुम्हाला घेणार नाही."

"मनात काही असेल तर विरुद्ध ना, बाई."

मग इस्पितळाची गाडी न्यायला येऊ लागली. तो पालथा पडून भिंतीकडे बघायचा, बायको त्याच्या पायांकडे. एकदा अंगठा उडाला. ती ताडकन उठली.

"हलला."

"हा झटका आहे," डॉक्टरीण म्हणाली. "असे आपोआप येतात."

"हलला का?" त्यानं विचारलं, शेजाऱ्याच्या पंख्याची चौकशी करावी तसं.

अभ्यास संपल्यावर कळलं, त्याला खराच प्रवाह दिला होता. पायांत फरक नव्हता.

परतताना गाडीत ती म्हणाली, "म्हणजे मशीन सुरू होतं."

"हो."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याचे कामावरचे बूट त्याच्या जुन्या जोडीदाराला देऊन टाकले. त्याला विचारलं नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही. हे तिला एकदा कळल्यावर आपल्याला सुटल्यासारखं वाटेल, असं तो समजून होता. तसं काही वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. तिनं चहा आणून ठेवला. तो प्यायला, आणि कोणाचा तरी मिक्सर पुढ्यात ओढून त्याचे स्क्रू काढू लागला.