मास्ट्रिख्टच्या मैदानावर दहीसाखर

नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावच्या स्टेशनवर उभ्या उभ्या मी पिशवीतला डबा दोनदा उघडून पाहिला. दही सांडलं नव्हतं. घरातून निघताना आमच्या ह्यांनी विचारलंच होतं, "हरायलाच चाललेत, तर बघायला कशाला जातेस?" मी चपला चढवल्या, वाद घालत बसले असते तर उगाच गाडी चुकली असती.

आमचा तन्मय मास्ट्रिख्टला शिकतो आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळतो. म्हणजे एकाने लंबगोल चेंडू छातीशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं. माझ्या जिवाला ते सोसवत नाही, म्हणून आजवर गेले नव्हते. या मोसमात मात्र संघाला एकही गुण मिळाला नव्हता, मुलं सोडून चालली होती. आज शेवटचा सामना, आणि तो संपला की संघ ठेवायचा की मोडायचा ते ठरणार होतं. तन्मयने फोनवर हे इतकं सहज सांगितलं, की त्याच्या मनाला किती लागलंय ते मला लगेच कळलं.

आइंडहोव्हनला गाडी बदलली. मास्ट्रिख्ट जवळ आलं तशा खिडकीबाहेर चक्क टेकड्या दिसू लागल्या. सपाट रानं पाहून डोळे विटले होते, बरं वाटलं. स्टेशनबाहेर 'फ्लाय' (फळं भरलेला चपटा गोड पदार्थ) खाल्ला आणि त्यातली निम्मी चेरी कुर्त्यावर सांडली. तशीच मैदानावर पोचले.

तन्मय खांद्यांवर उशा बांधल्यासारखा फुगलेला. मी त्याच्यापुढे चमचा धरला.

"मॉम, प्लीज, नॉट हिअर!"

"हात पुढे कर."

त्याने मुकाट्याने हातमोजा काढला. शेजारी त्यांचा कप्तान योरिस, दाराएवढा उंच, वाकून बघत होता. "मेव्राऊ (बाई), हे काय?"

तन्मयच म्हणाला, "फॉर लक. बिफोर एक्झाम्स."

"मग पास होतोस?"

"मोस्टली."

योरिसने लगेच तळहात पुढे केला. त्याच्यामागे सगळा संघच रांगेत उभा राहिला. दही एकट्या तन्मयच्या बेताचं होतं. शेवटच्याला मी डबा खरवडून दिलं.

ते हरले, आणि सपाटून हरले. पण अगदी शेवटी तन्मयने समोरच्या एका धिप्पाड मुलाला अडवून धरलं आणि त्या फटीतून योरिस चेंडू घेऊन सुटला. "पळ रे, पळ!" मी मराठीत ओरडत होते. तो रेषेपलीकडे पोचला, मोसमातले पहिले गुण मिळाले आणि आमची मुलं जिंकल्यासारखी एकमेकांवर कोसळली. मला रडू आवरेना.

नंतर दोन्ही संघ इथल्या रीतीप्रमाणे कँटीनमध्ये एकत्र बसले. मघाशी एकमेकांना लोळवणारे आता तळलेल्या बटाट्यांची एकच ताटली पुढे-मागे सरकवत होते. योरिसने उभं राहून विचारलं, "पुढच्या वर्षी कोण आहे?" ताटली मधेच थांबली. मग तन्मयने हात वर केला, त्याच्या शेजारच्याने केला, आणि बघता बघता टेबलभर हात दिसू लागले.

स्टेशनवर सोडायला आलेला तन्मय गाडीचं दार बंद होताना म्हणाला, "आई, डबा मोठा आण." घरात कायम इंग्रजीत उत्तर देणारा माझा मुलगा.

घरी ह्यांनी दार उघडताच विचारलं, "जिंकले?"

"हरले," मी म्हणाले, आणि चप्पलही न काढता स्टूल ओढून माळ्यावरचा मोठा डबा शोधायला लागले.