सरांचा मे महिना

"मे महिन्यात सुरतेत थांबायचं नसतं," असं म्हणून सर प्रयोगशाळेच्या खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरायचे आणि बाहेर बघत राहायचे. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सायकल स्टँड, एक कडुनिंब आणि पलीकडे साड्यांच्या गाठी लादलेला टेम्पो. तरी ते बघायचे आणि आम्ही त्यांच्या पाठीकडे बघायचो.

सर आम्हाला बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवत. पण खरं सांगायचं तर शिकवणं हा त्यांचा जोडधंदा होता. मूळ धंदा एकच, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या कॉलेजची पोरं कुठल्या ना कुठल्या संशोधन संस्थेत नेऊन बसवायची. दिवाळी उरकली की ते ज्याच्या त्याच्या मागे लागत. अशी संधी असते हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. वर्गातला एक गुजराती मुलगा त्यांना म्हणाला, "सर, वेकेशनमां तो मामाने घेर जवानुं होय."

"तुझ्या मामाकडे लेझर आहे का?" सरांनी विचारलं. "असेल तर जा."

तेव्हा इंटरनेट आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. लायब्ररीत शिळी होऊन येणारी मासिकं उघडून सर शास्त्रज्ञांचे पत्ते शोधत आणि त्यांना पत्रं लिहीत. पण पत्रांपेक्षा त्यांचा भरवसा लोच्यावर जास्त होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले, की सर त्यांना तेल-मसाला घातलेला गरमागरम लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा सुरती खाऊ, खाऊ घालत आणि घास तोंडात असतानाच आपल्या विद्यार्थ्यासाठी मागणी घालत. "तोंड भरलेलं असलं की माणसाला नाही म्हणता येत नाही," हे त्यांचं शास्त्र. ते बहुतेक वेळा खरं ठरायचं.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली एक गोष्ट आमच्या आधीची मुलं सांगत. सुरतेचा शिक्का बघून संस्थावाले पाकिटं फेकून देतील, अशी सरांना धास्ती पडली. म्हणून ते सगळे अर्ज घेऊन भुसावळ पॅसेंजरने नंदुरबारला गेले, तिथल्या पेटीत टाकले आणि मिळेल त्या गाडीने परत आले. कुणीतरी म्हणालं, "सर, पण आत अर्जावर सुरतच लिहिलंय." सर म्हणाले, "असू दे. निदान पाकीट तर उघडतील."

असा हा माणूस स्वतः मात्र मे महिन्यात कधी कुठे गेला नव्हता. रात्रीचा मुक्काम म्हणाल तर सुरतेबाहेर कित्येक वर्षांत नाही. तरुणपणी त्यांना बंगलोरच्या एका संस्थेत जागा मिळाली होती म्हणे. तेवढ्यात वडील गेले आणि जाणं राहिलं. लग्न केलं नाही. घरी ते आणि त्यांची आई. कतारगामात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली कारखान्यात हिरे घासायच्या चाकांची, म्हणजे घंट्यांची, घरघर. आईला म्हातारपणी विस्मरण जडलं होतं. नातेवाईक विसरली, गाव विसरली, जेवलो की नाही हेही विसरायची. पण मुलगा घरात नाही एवढं तिला पक्कं कळायचं. मग ती जाळीचं दार धरून हलवत बसायची. म्हणून बाहेरून कुलूप, दुसरी किल्ली शेजारच्या बेनकडे, आणि कॉलेज सुटलं की सर सायकलवर टांग मारून थेट घरी. एकदा मला म्हणाले, "कुलूप तिला लावतो खरा, पण किल्ली माझ्या खिशात. ती घेऊन किती लांब जाणार?" हे त्यांनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

कारण मीही तशीच अडकलेली होते. आम्ही डिंडोलीला राहायचो. वडील बमरोलीच्या एका कारखान्यात लूम चालवायचे. आमच्या खानदेशी घरात मे महिना म्हणजे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि लग्नं. आखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. माझ्यासारख्या बिनलग्नाच्या मुलीला त्याच दिवसांत गावी नेऊन चार लोकांना दाखवायचं, हेही ठरलेलं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मला अहमदाबादच्या एका संस्थेत सरांनी जागा मिळवली, अर्थात लोचो खाऊ घालून. मी ती बातमी घरी सांगितलीच नाही. सांगून उपयोग काय? एकदा गावी गेले की मी लग्न ठरवूनच परतणार, हे मला दिसत होतं. तेव्हा सर स्वतः आमच्या घरी आले.

वडील ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "आखाजीले पोर घर येस, आनि तुम्ही तिले बाहेर काढी र्‍हायनात?"

सर आमच्याच बाजूचे, धुळ्याकडचे. वर्गात कधी न ऐकलेली अहिराणी त्यांच्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडली. "भाऊ, पोर दोन महिना सासरले गयी आसं समजा."

वडील शेवटी हो म्हणाले. अट एकच, सरांनी स्वतः पोचवायचं. सरांनी मला पहाटेच्या गाडीने नेलं, वसतिगृहात सोडलं आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरले.

तिथे मी काय केलं ते सांगत बसत नाही. काचेवर धातूचा पातळ थर चढवायचा आणि त्यातून प्रकाश किती जातो ते मोजायचं, एवढंच काम. पण मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं की तुला काय वाटतं. मी अगदी सुखात होते. अशात एक दिवस फाटकावरून निरोप आला की घरून माणूस आलाय.

बाहेर माझे काका उभे. डोक्याला नवी टोपी, हातात सांजोऱ्यांचा डबा. "चाल, आखाजी शे. मी मुराळी उनू तुले लेवाले."

बघा, सरांनी वडिलांची समजूत काढायला एक शब्द वापरला होता. वडिलांनी तो शब्द तसाच धरला. पोर सासरी आहे ना? मग आखाजीला मुराळी जायलाच हवा. नाही पाठवला तर लोक काय म्हणतील? यात त्यांचा काही डाव नव्हता, उलट त्यांनी माझा मान राखला होता. पण आता गेले तर परत येणं नाही, हे मला कळत होतं. आणि आलेल्या मुराळ्याला मी तोंडाने नाही म्हणणं आमच्यात शक्य नव्हतं. मी समोरच्या एसटीडी बूथवरून सरांच्या घराखालच्या हिऱ्यांच्या कारखान्यात फोन लावला. सर फोनवर आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकांना चहा पाज. जाऊ देऊ नकोस. मी येतो."

दिवस कलायला आला तेव्हा ते आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. काकांच्या शेजारी बाकावर बसले, सांजोरी मागून घेतली, गावाकडच्या पिकापाण्याची चौकशी केली. आणि मग घरातल्या कर्त्या माणसासारखे म्हणाले, "भाऊ, आम्ही पोर धाडतस नही. आम्हना घर काम शे."

मी दचकले. काका मात्र दचकले नाहीत. सासरच्यांनी लेक पाठवली नाही, असं आमच्याकडे घरोघरी होतं. मुराळी जेवतो, निरोप घेतो, परत जातो. त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही. काकांना घरी सांगायला सरळ उत्तर मिळालं. "मंग ठीक शे," ते म्हणाले. "आसंच सांगसू घर." आणि डबा माझ्या हातात देऊन ते सरांबरोबरच स्टेशनवर गेले. तेव्हापासून डिंडोलीत आमच्या घरी सरांचं नाव "सासरा" पडलं. वडील पुढे बरेच दिवस त्यांच्यावर रागावून होते, पण त्या वर्षी माझं लग्न टळलं आणि पुढे एम.एस्सी.लाही त्यांनी अडवलं नाही.

सुट्टी संपल्यावर मी सरांच्या घरी पेढे घेऊन गेले. सर दूध आणायला गेले होते. शेजारच्या बेनने मला सांगितलं, की सर माझ्यासाठी अहमदाबादला धावले त्या दिवशी म्हाताऱ्या आईने जाळी हलवून हलवून बोटं सोलून घेतली, तिचा आवाज बसला, तिने कुणाच्या हातचा घास घेतला नाही. सर आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं टोक तिने मुठीत धरलं आणि तशीच झोपली. सर परत आले. त्यांनी पेढा आईच्या तोंडात घातला. मी पाच मिनिटांत जिना उतरले, आणि सर तिथे रोज राहत होते.

दोन वर्षांनी थंडीत त्यांची आई गेली. त्याच वर्षी अहमदाबादच्या त्या संस्थेने उन्हाळ्यात कॉलेजच्या शिक्षकांनाही घ्यायचं ठरवलं. मी तिथे दुसऱ्यांदा निघाले होते आणि माझ्याबरोबर सरांनी निवडलेल्या दोन मुली होत्या. मी सरांच्या पाठीच लागले. लोचोसुद्धा खाऊ घातला. शेवटी त्यांनी अर्ज केला, जागा मिळाली, रजा मंजूर झाली. कॉलेजात शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना आनंद झाला.

संध्याकाळची गाडी होती. सर सगळ्यांच्या आधी फलाटावर हजर. नवी पिशवी, नव्या चपला, दाढी गुळगुळीत. मुलींचं सामान त्यांनीच वर चढवलं आणि मग खिडकीशी बसले. लहान मुलासारखे सारखे घड्याळ बघत होते. "तिथं रात्री लायब्ररी उघडी असते ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. ते खूश झाले.

सिग्नल पडला. फलाटावरचे दिवे लागले. सर एकदम उठले.

"अगं, आई एकटीच आहे घरी," ते म्हणाले, आणि मला काही सुचायच्या आत खाली उतरले.

मुली माझ्याकडे बघू लागल्या. मी दाराशी धावले. सर गर्दीतून जिन्याकडे झपझप चालले होते. गाडी हलली. तेव्हा ते थांबले. उभ्या उभ्या त्यांना आठवलं असावं. ते वळले, गाडीच्या दिशेने दोन-चार पावलं भरभर आले, हात पुढे केला. पण आमचा डबा तोवर फलाटाच्या टोकाशी पोचला होता.

त्यांची पिशवी खिडकीशी त्यांच्या जागेवर तशीच होती. ती कुणी हलवली नाही, आणि भरूचपर्यंत त्या जागेवर आम्ही कुणाला बसू दिलं नाही.